टाकीखालची जागा

शिडीच्या पाचव्या पायरीवर रेविनचा उजवा गुडघा कटकन वाजायचा. वर जाताना एकदा, खाली येताना एकदा. तीन दिवसांत तिने तो आवाज इतक्या वेळा ऐकला होता की एखाद्या वेळी वाजला नसता तर तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. वय त्रेसष्ट, वजन विचारू नये इतपत, आणि काम काय, तर माळ्यावर रांगत जाऊन तुळयांच्या मधल्या खाचांत ऊब धरून ठेवणाऱ्या ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, गाद्या बसवायच्या. एरवी ती शाळेची बस चालवायची. जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, सुट्टी लागली होती म्हणून बस दारात उभी होती, आणि सुट्टीत माणूस आडवा पडून राहतो, या समजुतीवर रेविन वर्षभर दिवस काढत आली होती.

पण मर्व घरी येणार होता. म्हणजे येऊ शकत होता.

मार्चमध्ये तिच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तेव्हापासून तो दोन तासांवरच्या डनेडिनमध्ये रुग्णालयात पडून होता. वाचा अगदी सगळी गेली नव्हती. एक शब्द उरला होता, 'बरं'. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं, सुई टोचली तरी बरं. चाळीस वर्षं नेझबीतल्या घराघरांतले नळ दुरुस्त करत हिंडलेला, एकदा बोलायला लागला की हात जोडून थांबवावा लागणारा हा माणूस, आणि त्याच्या वाट्याला उरावा एवढासा शब्द! देवालाही काही वाटायला हवं होतं.

रुग्णाला घरी सोडायचं की नाही, ते रुग्णालयातली लोसा ठरवायची. ही सामोअन बाई अंगाने धिप्पाड होती आणि बोलायची मात्र एकदम हळू. तिच्या कागदावर बाकीच्या सगळ्या रकान्यांत खुणा झाल्या होत्या. दोन कोरे होते. एक, रुग्णाच्या खोलीत सकाळी निदान अठरा अंश तापमान हवं. आणि दुसरा, रुग्ण आपली गरज घरच्या माणसाला समजावू शकतो का? शुक्रवारी ती मर्वला गाडीतून घरी आणणार होती, अर्ध्या दिवसापुरतं, घर बघायला. दोन्ही रकाने भरले तर तो घरी. नाही भरले तर शहरातल्या एका वृद्धाश्रमात खाट रिकामी होती, आणि तिथून घरी परत आलेला एकही माणूस रेविनच्या माहितीत नव्हता.

दुसऱ्या रकान्यापुढे रेविनने हात टेकले होते. गेल्याच रविवारी मर्व 'बरं, बरं' म्हणाला, तिने घाईघाईने त्याच्या ओठांना चहा लावला, आणि त्याला जायचं होतं संडासला. नर्स चादर बदलत असताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की परतताना रॅनफर्ली गाव येईपर्यंत तिने गाडीतला रेडिओसुद्धा लावला नाही. म्हणून तिने पहिला रकाना धरला. अठरा अंश. ते निदान हाताने करता येण्यासारखं होतं.

घरात पायरी न लागणारी खोली एकच, मागची. उत्तरेचं ऊनही तिथेच यायचं. पण त्या खोलीत चाळीस वर्षांचा संसार ढीग घालून ठेवला होता. तो सगळा माळ्यावर न्यायचा, आणि न्यायच्या आधी माळ्याच्या जमिनीत गाद्या बसवायच्या, नाहीतर चुलीची सगळी ऊब छतातून उडून जायची. हे काम मर्वनेच मार्चमध्ये सुरू केलं होतं. पुढचं अर्धं छत त्याने एकट्याने केलं, आणि मग तो पडला.

मदतीला नणंद आली होती. कॉलीन, मर्वची धाकटी बहीण, इन्व्हरकार्गिलहून डबाभर चीज रोल आणि पोतंभर मतं घेऊन.

"हे काय आहे?" माळ्यावर तोंड घालून कॉलीनने विचारलं. तिच्या नाकावर धुळीचा मास्क होता, तरी आवाज काही अडत नव्हता. "पोरीचे बर्फावरचे बूट? अगं, ती चाळीस वर्षांची झाली!"

"ठेव."

"कशाला?"

"चाळीस वर्षांची झाली म्हणूनच ठेव."

"आणि ते खाली कर्लिंगचे दगड आहेत ना मर्वचे, बर्फावर सरकवायचे, ते मी वर आणणार नाही, आधीच सांगते. भाऊ माझा, पण कंबरही माझीच आहे."

"राहू देत खोलीत. दार अडवायला लावू."

"आता ही फळी ठोकते बघ गादीवर."

"दाबून नको! खाली पट्ट्या घाल आधी. गादी दाबली की तिची ऊब मेली, असं मर्व म्हणायचा."

"मर्व पुष्कळ म्हणायचा," कॉलीन खिळे दातांत धरत म्हणाली. "म्हणायचा तेव्हा मी फोन ठेवून द्यायचे. आणि आता बघ."

ग्लासवूलचे कण मनगटांना चावत होते. माळ्यावर कुठेच उभं राहता येत नव्हतं आणि बसलं की छताचे खिळे डोक्याला लागत होते. दर तासाला चहा, चहाबरोबर एक चीज रोल, आणि पुन्हा रांगणं. मंगळवारी संध्याकाळी रेविनला आपले हात आपले वाटेनासे झाले. अंघोळ करायचं त्राण नव्हतं म्हणून ती तशीच झोपली आणि सकाळपर्यंत खाजवत राहिली.

बुधवारी दुपारी दोघी पाण्याच्या टाकीपाशी पोहोचल्या. टाकी लाकडी घोडीवर, तुळयांपासून हातभर उंचीवर बसवलेली होती. तिच्यातून निघालेली तांब्याची नळी सरळ खाली जाऊन छतात शिरत होती, मागच्या खोलीच्या कोपऱ्यातून उतरून स्वयंपाकघरात जात होती. पलीकडून मर्वच्या गाद्या येत होत्या. एकेक कशी कोपऱ्यात कोपरा मिळवून बसवलेली. आणि टाकीपाशी येऊन त्या थांबल्या होत्या. टाकीच्या खाली लहानशा खाटेएवढी जागा तशीच उघडी होती. काठावर त्याची कापायची सुरी पडली होती, पातं बाहेर असलेली.

रेविन तिथेच बसली.

इथवर तो आला होता. मार्चमधल्या त्या शनिवारी संध्याकाळी चहाला म्हणून उतरला, रविवारी सकाळी अंगणात कोसळला. उद्या करू म्हणून सुरी इथेच ठेवली असणार. तिला रडायला आलं असतं, पण रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. ती त्या उघड्या जागेकडे नुसती बघत राहिली. त्याचं एवढंसं राहिलेलं काम आपल्या हातून पूर्ण व्हावं, असं तिला फार आतून वाटलं.

"सरक," ती कॉलीनला म्हणाली. "इथलं मी करते."

"तुझ्या गुडघ्यांनी?"

"पोटावर झोपून."

आणि ती खरंच पोटावर झोपली. हात टाकीखाली लांब करून तिने एक थर बसवला, मग त्याच्यावर दुसरा.

"दुहेरी कशाला गं?" कॉलीन म्हणाली.

"याच्याच खाली त्याची खाट येणार आहे."

"मग तिहेरी घाल," कॉलीन म्हणाली, आणि मास्क वर करून तिने नाक पुसलं.

गुरुवारी सामान वर गेलं. खाट आली. संध्याकाळी खोलीत एकोणीस अंश झाले तेव्हा दोघींनी शेरीचा एकेक घोट घेतला आणि कॉलीन आपल्या घरी निघाली. आभाळ लख्ख होतं. रेडिओवर उणे नऊ सांगितलं होतं. उणे नऊ तर उणे नऊ, रेविनला आता थंडीची भीती नव्हती. ती साडेआठलाच झोपली.

शुक्रवारी सकाळी तिने आधी खोलीतल्या तापमापकाचा काटा पाहिला. साडेअठरा. तिने काट्याला चक्क हात जोडले. मग स्वयंपाकघरात जाऊन किटली नळाखाली धरली. नळ एकदा खोकला आणि गप्प झाला.

बाहेर गवत पांढरं कडक झालं होतं. तिने शेजारी विचारलं, तर त्यांच्याकडे पाणी होतं. तिने बाहेरच्या नळीवर हात फिरवला, ती ठीक होती. नळवाल्याची बायको होती ती, नळ गोठणं तिला नवं नव्हतं. पण या घरातला नळ चाळीस वर्षांत एकदाही गोठला नव्हता. मर्वला त्याचा गर्व होता. नेमका आजच का गोठावा, हे तिच्या ध्यानात येईना, आणि विचार करायला डोकं ताळ्यावर नव्हतं. दहा वाजता गाडी दारात आली तेव्हा तिने ठरवून टाकलं, लोसाला यातलं काही सांगायचं नाही. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न होता.

लोसाने चाकाची खुर्ची सफाईने आत आणली. मर्व बारीक झाला होता. तोंड डाव्या बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवरच्या शालीवर ठेवलेला. खोलीत आल्याबरोबर त्याने खाट पाहिली नाही, खिडकी पाहिली नाही, वर छताकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"आवडली ना खोली?" रेविन म्हणाली.

लोसाने आपला छोटा तापमापक खिडकीत ठेवला. "अर्धा तास राहू दे इथे. छान उबदार केलीस गं."

अर्धा तास. रेविनने धाव घेतली ती चुलीकडे. खोलीच्या भिंतीतच चूल होती, तिच्या पाठीतून अंघोळीच्या पाण्याची नळी जायची. तिने दोन ओंडके सारले. एक अंशही कमी पडायला नको होता.

तेवढ्यात मर्वने खुर्ची डाव्या पायाने रेटत कोपऱ्यात नेली आणि चांगला हात नळीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. जरा तीव्र.

"हो हो, सगळं केलं आम्ही. कॉलीन होती. तू टाकीखालचं सोडलं होतंस ना, तेही मी भरून काढलं. दुहेरी!"

"बरं!" मर्वने नळीवर चापट मारली. मग बोट चुलीकडे केलं. "बरं!"

तो गारठला असावा. दोन तास गाडीत बसून आला होता. रेविनने तिसरा ओंडका उचलला.

"बरं!!" हे तो कुत्र्यावर ओरडावं तसा ओरडला. लोसाने पेन उघडलं. ते रेविनने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"मला नाही रे कळत, मर्व," ती म्हणाली. ओंडका तिच्या हातातच होता. "चार महिने झाले, मला काही कळत नाही. मी सगळं करते. माळा केला, खोली केली, हाडं मोडेपर्यंत केलं. पण तू काय म्हणतोस ते मला नाही कळत."

मर्वने हात नळीवरून काढला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं ती त्याच्याबरोबर कामावर जायची, आणि तिने चुकीचा पाना हातात दिला की तो असाच बघायचा. रागाने नाही, मास्तरासारखा. त्याने हळूहळू चुलीकडे पाहिलं. मग नळीकडे. मग वर टाकीकडे. मग पुन्हा पहिल्यापासून. चूल, नळी, टाकी.

आणि रेविनच्या कानात त्याचा जुना, थांबता न थांबणारा आवाज घुमला. दर हिवाळ्यात टपाल कचेरीत, दुकानात, बर्फाच्या तळ्यावर, भेटेल त्याला धरून तो सांगायचा, 'नळ गोठला की आधी चूल विझव! मागच्या नळीत पाणी फिरलं नाही तर फुटेल, आणि मग मला बोलावू नकोस, आगीच्या बंबवाल्यांना बोलाव!'

ओंडका तिच्या हातातून पडला.

"चूल विझवू?"

"बरं." हळू, खाली उतरणारं.

हे वेगळं होतं. मघाचं 'बरं' वर चढून तुटत होतं. हे सावकाश टेकलं. चार महिने तो दोन शब्द बोलत होता आणि ती दोन्ही एकच समजत होती.

"लोसा," ती म्हणाली, "सकाळपासून घरात पाणी नाही. मी तुझ्यापासून लपवलं."

"मला वाटलंच," लोसा पेन खिशात ठेवत म्हणाली. "पंधरा मिनिटं झाली आणि कुणी चहा विचारला नाही. म्हटलं, या घरात काहीतरी भयंकर झालेलं आहे. निखारे कशात काढायचे?"

दोघींनी निखारे राखेच्या बादलीत काढून अंगणात नेले. मग रेविन केस वाळवायचं यंत्र आणि लांब वायर घेऊन शिडी चढली. गुडघा वाजला. लोसा स्वयंपाकघरातला नळ उघडून आली आणि खोलीच्या दारात उभी राहिली. मर्व नळीला कान लावून बसला होता.

"टाकीखालच्या गाद्या काढू?" रेविनने वरून विचारलं.

"बरं." टेकलेलं.

तिने दोन्ही थर उपसून काढले. नळीवर पांढरी साय धरली होती. "टाकीकडून सुरू करते."

"बरं!" तुटलेलं.

"मग खालून? छतापासून वर?"

"बरं."

ती पोटावर झोपली, परवासारखीच, त्याच जागी. यंत्राची गरम हवा तिने नळीच्या पायथ्याशी धरली आणि बोटभर बोटभर वर सरकत राहिली. दुसरा हात टेकायला जागा नव्हती म्हणून तिने तो छताच्या उघड्या लाकडावर पालथा ठेवला. आणि हाताला ऊब लागली. थोडीशीच, खालच्या खोलीतून चढून येणारी. मघाच विझवलेल्या चुलीची.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ही ऊब इथून टाकीला मिळत होती. चाळीस वर्षं नळ गोठला नाही तो यामुळे. मर्वने ही जागा राखून ठेवली होती. काम अर्धवट राहिलं नव्हतं. ते झालं होतं, त्याने मनासारखं केलं होतं, आणि सुरी खाली आणायला तो नेहमीसारखा विसरला होता, एवढंच. आपण प्रेमाने त्याच्या टाकीची ऊब तोडली. रेविनला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना, आणि दोन्हीला तिथे जागा नव्हती.

वीस मिनिटं गेली. हात अवघडला तेव्हा तिने यंत्र दुसऱ्या हातात घेतलं.

"बरं," खालून आलं. अगदी बारीक, श्वासासारखं. हे तिसरंच होतं. तिने ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, तरी लगेच यंत्र बंद केलं. त्याला ऐकायचं होतं.

कुठेतरी करकर झाली. मग स्वयंपाकघरात नळ खोकला, थुंकला, पुन्हा खोकला, आणि धो धो सुटला.

"आलं!" लोसा ओरडली. तिचाही आवाज मोठा होऊ शकत होता तर.

"थांब," रेविन म्हणाली. "नळी चिरली नाही ना, मर्व? ऐक नीट."

तो ऐकत होता. बराच वेळ. चिरली असती तर पाणी त्याच्याच खाटेवर आलं असतं, आणि सोबत छतही. रेविन गाल तुळईवर टेकून पडून राहिली. हलायचं त्राण नव्हतं आणि श्वास घ्यायचं धैर्य नव्हतं.

"बरं," मर्व म्हणाला. सावकाश टेकलेलं.

ती खाली आली तेव्हा लोसा खिडकीतला तापमापक हातात घेऊन उभी होती. रेविनने न विचारता वाकून पाहिलं. चौदा. चूल विझलेली, माळ्याचं झाकण तासभर सताड उघडं. दुसरं काय होणार होतं?

"चौदा," लोसा म्हणाली. "मला लिहावं लागेल."

"लिही."

लोसाने लिहिलं. मग पेन खालच्या रकान्यावर नेलं, जरा थांबली, आणि खूण केली. "अठरा अंशाचं काय, मंगळवारपर्यंत होतील. हा तापमापक इथेच ठेवते. रोज सकाळी मला फोन करून आकडा सांग. तीन दिवस अठरा टिकले की मी त्याला घेऊन येते. मला काळजी या दुसऱ्याची होती. खरं सांगू? कालच वृद्धाश्रमातल्या त्या खाटेसाठी फोन करून ठेवला होता मी. आता नको म्हणून कळवते." आणि मग, "आकडा खोटा सांगायचा नाही हं."

"खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो," रेविन म्हणाली. "बस. चहा करते."

चहा झाला. उरलेले चीज रोल संपले, त्यांतले तीन एकट्या मर्वने खाल्ले. दोन वाजता त्याला पुन्हा गाडीत चढवलं. रेविनने शाल त्याच्या गुडघ्यांभोवती खोचली. दार लावणार, तेवढ्यात त्याने डावं बोट घराच्या छपराकडे केलं.

"बरं!" तुटलेलं.

"नाही घालणार पुन्हा गाद्या टाकीखाली."

"बरं!"

"हो रे बाबा, सुरीही खाली आणते. पातं मिटून."

"बरं!"

"आता काय? झाकण? लावते. पट्टी चिकटवून लावते."

"बरं," मर्व म्हणाला. टेकलेलं. पण बोट वरच होतं, आणि तो पुन्हा तोंड उघडत होता.

"आता पुरे, मर्व," रेविन म्हणाली. "चार महिने गप्प होतास, तेच बरं होतं."

त्याने तोंड वाकडं केलं. ते वाकडं होतंच, पण हे त्याने केलेलं होतं.